काठमांडूत अडकलो ते तीन दिवस (सप्टेंबर २०२५)

९ सप्टेंबरला दुपारी परतीचं विमान होतं. अकराच्या सुमारास थमेलमधल्या हॉटेलच्या गच्चीवर गेलो, तर शहरात तीन-चार ठिकाणी काळा धूर. दुपारी त्रिभुवन विमानतळ बंद झालं, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, सिंहदरबार (सरकारचं मुख्य कार्यालय) पेटला. आमच्या बॅगा खाली लॉबीत तशाच.

चाहूल आधी लागायला हवी होती. ४ तारखेला सरकारने फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूबसह २६ प्लॅटफॉर्म बंद केले, तेव्हा आम्ही पोखऱ्यात होतो. आमची तक्रार काय, तर फेवा तलावाचे फोटो घरच्या ग्रुपवर जात नाहीत! बंदीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या तरुणांवर ८ तारखेला झालेल्या गोळीबारात १९ जण गेले. बंदी त्याच रात्री उठली, पण राग कसला शमतोय.

९ च्या रात्री लष्कराने सुरक्षेचा ताबा घेतला, देशभर संचारबंदी लागली. पुण्याच्या टूरवाल्याला फोन केला की एकच उत्तर: "काही होत नाही, काळजी करू नका." त्याने जास्तच धडकी भरायची. याउलट हॉटेलची मालकीण, आमची दिदी. शेजारच्या हॉटेलांना फोन करून ती दर दोन तासांनी सांगायची, कुठला रस्ता बंद, दुकानं कधी उघडणार. "आज जाऊ नका" हेही तिनेच स्पष्ट सांगितलं. तीन दिवस दोन्ही वेळा दालभात, वर भाडं निम्मं. संकटात पर्यटक सांभाळणं म्हणतात ते मी तिथे पाहिलं, टूरवाल्याच्या रंगीत पत्रकात नाही.

सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या दिवस मोजून आणलेल्या. संचारबंदी काही तास सैल झाली तेव्हा दिदीचा मुलगा औषधाच्या दुकानापर्यंत चालत गेला. तुम्ही निदान आठवड्याच्या गोळ्या जास्त ठेवा.

विमानतळ १० ला संध्याकाळी सुरू झालं, आम्हाला जागा मिळाली १२ ची. हॉटेलच्या गाडीच्या काचेवर 'टूरिस्ट' लिहिलेला कागद चिकटवून निघालो. तीन ठिकाणी जवानांनी तिकीट आणि पासपोर्ट पाहून सोडलं. तिकीट छापील होतं म्हणून बरं, माझ्या फोनने तोवर मान टाकली होती. काकांकडे पासपोर्ट नव्हता, मतदार ओळखपत्र चाललं. नेपाळच्या विमानाला आधारवर विसंबू नका, हे निघण्याआधीच घरच्या ज्येष्ठांना दोनदा सांगा.

यूपीआयने बऱ्याच ठिकाणी पैसे देता येतात, पण दुकानाचं शटरच खाली असेल तर क्यूआर कोड कुठला शोधणार? नेपाळी रुपये जवळ हवेत; आपल्या शंभराचे तिथले १६०. परतीनंतर लगेच लग्न किंवा परीक्षा ठेवू नका, दोन दिवस मोकळे सोडा. विम्यात दंगल आणि संचारबंदीचं कलम वाचा. आमच्यात नव्हतं, जादा मुक्काम खिशातून गेला. दूतावासाचे नंबर कागदावर लिहून घ्या. या उलथापालथीनंतर निवडणूक ५ मार्च २०२६ ला जाहीर झाली होती. असा निवडणुकीचा आठवडा मी तरी टाळेन, बाकी जायला हरकत नाही.

परवा दिदीला फोन केला. दशैंनंतरचा (नेपाळच्या दसऱ्यानंतरचा) हंगाम म्हणजे तिची वर्षाची कमाई. ऑक्टोबरच्या अकरा खोल्यांपैकी सात रद्द झाल्यात. विचारत होती, "पुण्यात लोक काय म्हणतात, येणार का?"