सिंहासनावरचे बुवा

१० ऑक्टोबर, रात्री साडेअकरा

आईला आणायला अॅमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर गेले होते. मुंबईचं विमान पाऊण तास लेट. लाल-पांढऱ्या चौकटींचा तो मोठा ठोकळा आहे ना, जिथे सगळेच एकमेकांना ‘तिथे भेटू’ म्हणतात आणि म्हणून कोणीच कोणाला धड सापडत नाही, तिथे कॉफीचा कप धरून उभी राहिले. आजची तारीख सकाळपासून डोक्यात होती. २०१० साली याच तारखेला, याच विमानतळावर, लॉस एंजेलिसहून आलेल्या विमानातच सॉलोमन बर्क हा अमेरिकन सोल गायक गेला. (सोल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यातून आलेलं संगीत.) सत्तर वर्षांचा होता. दोन दिवसांनी ‘दे डाइक’ या इथल्या बँडबरोबर अॅमस्टरडॅमच्या पारादिसोमध्ये त्याचा कार्यक्रम होता. पारादिसो ही मुळात प्रार्थनेची वास्तू. १९६८ पासून तिथे बँड वाजतात. आणि हा फिलाडेल्फियाचा पोरगा, सात-आठ वर्षांचा असल्यापासून चर्चमध्ये प्रवचन करणारा! हा योग जुळता जुळता राहिला, याची मला दरवर्षी उगाच हळहळ वाटते.

तेव्हा मी पुण्यात होते आणि हे नावही मला ठाऊक नव्हतं. इथे आल्यावर ऑफिसातल्या एका वयस्क सहकाऱ्याने त्याची २००२ची सीडी हातात ठेवली. ‘डोन्ट गिव्ह अप ऑन मी.’ म्हणाला, आधी हेडफोन लाव, मग बोलू.

तेव्हापासून या माणसाबद्दल लिहिलेलं जे जे मिळालं ते वाचत आले. सगळीकडे एकच शब्द: पुनरागमन. मला तो शब्द पटत नाही. हा गेला कुठे होता? साठच्या दशकात अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीत ‘क्राय टू मी’सारखी गाणी गायला, ‘रॉक अँड सोलचा राजा’ म्हणून मुकुट आणि झूल घालून मिरवला. १९६४ मधलं त्याचं ‘एव्हरीबडी नीड्स समबडी टू लव्ह’ रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडने उचललं, आणि जगाने ते त्यांच्या तोंडून ऐकलं. १९६८ मध्ये अटलांटिक सुटली. त्यानंतर मोठी गाणी झाली नाहीत, पण चर्च सुटलं नाही. दर रविवारी कुठेतरी गात होताच. अंत्यविधीचा धंदाही होता. २१ मुलांचा बाप. बसून कसं भागणार? पॉपकॉर्नचा किस्सा तर तो स्वतःच रंगवून सांगायचा. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरच्या करारात स्वतःचा माल विकायचा हक्क त्याने मागून घेतला. त्यांना वाटलं, फोटोबिटो विकेल. हा पॉपकॉर्नच घेऊन आला. (त्याच्या किश्श्यांत मीठमसाला किती, हे सोडा. आपल्याकडच्या जुन्या नटांच्या आठवणीही अशाच असतात, आणि त्या आपण मिटक्या मारत ऐकतो.)

२००१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं आणि पुढच्याच वर्षी ती सीडी आली. बॉब डिलन, टॉम वेट्स, व्हॅन मॉरिसन, ब्रायन विल्सन, एल्व्हिस कॉस्टेलो, निक लो अशा एकेका दिग्गजाने गाणी दिली. निर्माता जो हेन्री. त्याने सगळ्यांना एका खोलीत बसवलं आणि चार दिवसांत रेकॉर्डिंग उरकलं. वर ठिगळं लावत बसला नाही. मागे ऑर्गन आहे तो चर्चच्या वळणाचा, आणि शीर्षकगीतात बर्क सुरुवातीला जवळजवळ बोलतोच. आवाज चढवायची संधी येते, तो चढवत नाही. थांबतो. ड्रमवाला वाट बघतो, ऑर्गनवाला वाट बघतो. मग एक शब्द असा टाकतो की हातातला कप खाली ठेवावा लागतो. साठीतल्या माणसाची विनवणी आहे ती. पंचविशीतल्या बर्कने तेच गाणं म्हटलं असतं तर गुडघे टेकून किंचाळला असता आणि तेही छान वाटलं असतं, पण असं नाही. डिलनचं गाणं मला कोरडंच वाटलं. नाव मोठं म्हणून गाणं मोठं असतंच असं नाही.

या सीडीला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं, तेही ‘समकालीन ब्लूज’ विभागात. समकालीन! हसू येतं. मग पाठोपाठ सीडी आल्या. मला त्यातली ‘नॅशव्हिल’ आवडते. २००६ची, डॉली पार्टन, एमिलू हॅरिस सोबतीला. समीक्षकांना नवल वाटलं, की सोलवाला कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या गोऱ्यांचं संगीत, गातोय. अहो, त्याचं १९६१चं पहिलं मोठं गाणंच कंट्री होतं, रे चार्ल्सची ती गाजलेली कंट्री रेकॉर्ड यायच्या आधीचं.

शेवटी शेवटी तो चाकाच्या खुर्चीतून स्टेजवर यायचा आणि भल्यामोठ्या सिंहासनावर बसून गायचा. वजन फार वाढलं होतं. व्हिडिओत बघितलंय: कपाळावर घाम, बायकांना गुलाब वाटणं चालू, आणि सगळा जोर कमरेच्या वरून लावलेला. बैठकीचं गाणं ऐकत वाढलेल्या मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. गाणाऱ्याने उभंच राहायला हवं, असा नियम कोणी केला?

आई आली. दोन बॅगा, एक पिशवी, आणि ‘तू बारीक झालीस.’ गाडी सुरू केली तशी तीच सीडी लागली, मी काढली नव्हती. मी बंद करायला हात पुढे केला तर म्हणाली, राहू दे. मुख्य रस्त्याला लागेपर्यंत काही बोलली नाही. मग एकदम,

“हे बुवा आहेत का गं?”

“कोण बुवा?”

“कीर्तनकार. लोकांना कुठे थांबवायचं ते बरोबर कळतं यांना. आणि तो पेटीवाला बघ, कसा यांच्या तोंडाकडे बघून वाजवतोय.”

मी तिला सांगितलं, की याच्या जन्माआधीच आजीला स्वप्न पडलं होतं आणि तिने त्याच्या नावाचं चर्च काढलं होतं, असं तो सांगायचा. आईला त्यात काही विशेष वाटलं नाही. “आजीला कळतंच,” म्हणाली. तो आजच्याच दिवशी, आत्ता आपण होतो तिथेच गेला, हे मात्र मी सांगितलं नाही. अकरा तास विमानात बसून आलेल्या बाईला हे कशाला?

आम्स्टलवेनला घराखाली गाडी लावली. मी इंजिन बंद करायला गेले तर तिने माझा हात धरला. “थांब. संपू दे त्यांचं.”

गाणं संपल्यावर सामान वर आणलं. भाजणीचा डबा बॅगेत उघडला होता. माझ्यासाठी आणलेल्या दोन्ही नव्या कुर्त्यांना धण्याजिऱ्याचा वास आहे.