रान, अरण्य आणि तीन लिटर पाणी

निघण्याआधी वाटाड्यानं प्रत्येकाची पाठपिशवी उघडून पाहिली. तीन लिटर पाणी असल्याखेरीज तो कुणालाही दरीत उतरू देणार नव्हता. माझ्याकडे दीड-दीड लिटरच्या दोन बाटल्या होत्या. त्यानं त्या हातात घेऊन पाहिल्या, परत दिल्या आणि एवढंच म्हणाला, "तहान लागायच्या आधी प्या. लागल्यावर उशीर झालेला असतो."

आम्ही चौदा जण होतो. पवित्र भूमीच्या यात्रेला आलेले आमचे बाकीचे लोक यरुशलेमहून बसनं यरीहोला जाणार होते. आम्ही वादी केल्टच्या दरीतून पायी उतरणार होतो. यात्रा बसनंही होते, पण माझ्या मनात वारीच होती. ज्या जागेचं नाव घेऊन मला काही सांगण्यात आलं होतं, ती जागा मला पायाखाली हवी होती.

दोन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. स्मरणप्रार्थनेला बाहेरून आलेल्या एका उपदेशकांनी संदेश दिला आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, देवानं तुम्हाला अरण्यात आणलंय. अरण्यातच तो बोलतो." त्यांचा हेतू चांगला होता. पण ते वाक्य माझ्या घशाखाली उतरलं नाही. मी तेव्हा चार दिवस धड जेवले नव्हते, झोपले नव्हते, आणि मला कुणी बोलायला नकोच होतं. देवानंसुद्धा.

अरण्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, पहिल्या रविवारी दरवर्षी तोच भाग वाचला जातो: बाप्तिस्म्यानंतर आत्म्यानं येशूला रानात नेलं, चाळीस दिवस उपास, मग सैतानाची तीन आमिषं. आणि त्याआधी बाप्तिस्मा देणारा योहान, अरण्यात घोषणा करणाऱ्याची वाणी. आपल्या पवित्र शास्त्रात कुठं 'रान' आहे, कुठं 'अरण्य'. मराठी कानाला या दोन्ही शब्दांत झाडी ऐकू येते. लहानपणी माझा येशू सागाच्या पानांवर पाय वाजवत चालायचा. 'वाळवंट' म्हणावं तर आपल्या भाषेत ते नदीकाठचं, भक्तांनी फुललेलं. मूळ इब्री शब्द 'मिदबार'. त्यात 'दाबार' म्हणजे 'शब्द' याचीच अक्षरं आहेत, म्हणून उपदेशकांना तो फार आवडतो: जिथं काही नाही तिथं शब्द आहे. ग्रीक शब्द 'एरेमोस', म्हणजे ओसाड, निर्जन. त्यावरूनच इंग्रजीतला 'हर्मिट' आला. पण ओसाड म्हणजे कसं ओसाड, हे मला कुठल्याच शब्दानं सांगितलं नव्हतं.

यहूदीयाचं रान वाळूचं नाही, दगडाचं आहे. पांढरट, पिवळट, खडूसारखे ठिसूळ डोंगर, एकामागे एक, आणि त्यांना चिरत गेलेल्या खोल दऱ्या. समुद्रावरून येणारे ढग डोंगराच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात. माथ्यावरच्या यरुशलेमला वर्षाला 500 मिलिमीटरहून जास्त पाऊस मिळतो, तर 30 किलोमीटरच्या आत असलेल्या यरीहोला 150 च्या आसपास. पर्जन्यछाया म्हणजे काय हे शाळेत शिकले होते. इथं ते टाचेला कळलं. आणि उतार! यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, यरीहो सपाटीच्या सुमारे 250 मीटर खाली. येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेत लुटला गेलेला तो मनुष्य यरुशलेमेहून 'खाली' यरीहोस जात होता. मी हा शब्द शंभर वेळा वाचला असेन. त्या दिवशी माझे गुडघे तो वाचत होते.

पहिला तास सोपा गेला. फेब्रुवारी संपत आलेला, उतारांवर हिरवी लव होती, मध्येच लाल फुलं. ही लव काही आठवडेच टिकते. तेवढ्यात बदाऊनांचे, म्हणजे भटक्या अरब मेंढपाळांचे, कळप तिच्यावर जगून घेतात. शेळ्यांनी पिढ्यान् पिढ्या आडवं चालून डोंगराला पायऱ्यांसारख्या रेघा पाडल्या आहेत. आम्ही त्यांच्यावरूनच चाललो.

एका वळणावर वाटाडा थांबला आणि त्यानं वर बोट दाखवलं. एका खुरट्या झाडाच्या फांद्यांत वाळलेल्या काटक्या, गवत, प्लॅस्टिकची एक फाटकी पिशवी अडकली होती. आम्ही उभे होतो तिथून माझ्या डोक्याच्याही हातभर वर. "इथपर्यंत पाणी आलं होतं," तो म्हणाला. पाऊस पडतो वर, यरुशलेमच्या डोंगरांवर. इथं लख्ख ऊन असतं, आणि कोरड्या दरीतून लोंढा येतो. कडक तापलेली जमीन पाणी पीत नाही, ढकलून देते. रानात माणूस तहानेनं मरतो तसा बुडूनही मरतो. 'देव कोरड्या जमिनीवर नद्या वाहवील' ही यशया संदेष्ट्याची प्रतिमा नुसतं गोड आश्वासन नाही हे मला तिथं उमगलं. ती ज्यांनी पहिल्यांदा ऐकली त्यांनी असे लोंढे पाहिलेले होते. आनंद आणि धाक दोन्ही त्यात होते.

वाटेत बसलो तिथं मी एक दगड उचलला. गोल, चपटा, वरून तांबूस, कडेला जरा भाजल्यासारखा काळा. उपाशी माणसाला 'ह्या धोंड्यांच्या भाकरी कर' असं कुणी का म्हणावं, हे तो दगड हातात धरल्यावर विचारावं लागत नाही. सगळी दरी अशा भाकरींनी भरलेली आहे. येशूचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं, मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही. ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातलं तिसरं वचन आहे. सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरं त्याच पुस्तकातली, म्हणजे इस्राएल लोकांच्या चाळीस वर्षांच्या रानातल्या भटकंतीतून आलेली. तिसऱ्या वचनावर मी किती संदेश ऐकले याची गणती नाही. चौथ्यावर एकही ऐकला नाही. त्यात इस्राएलांचा पुढारी मोशे लोकांना आठवण देतो की ह्या चाळीस वर्षांत तुझ्या अंगावरची वस्त्रं जीर्ण झाली नाहीत आणि तुझे पाय सुजले नाहीत.

पाय सुजले नाहीत! तोवर माझ्या उजव्या टाचेला फोड आला होता. मी बूट काढून बसले होते, आणि देवानं चाळीस वर्षं लोकांच्या पायांकडे लक्ष ठेवलं हे वचन मला तिथं आठवलं. भाकरीनं जगत नाही असं सांगणारा देव त्याच दमात पायांचं विचारतो.

दुपार कठीण होती. सावली जवळजवळ नाहीच. बोलणं थांबलं. सूर्य हलत नाही असं वाटायला लागलं. इजिप्तच्या रानात राहिलेले एवाग्रियस नावाचे संन्यासी होते, 399 साली वारले. त्यांनी या वेळेबद्दल लिहून ठेवलंय. भरदुपारी येणारा एक दुरात्मा सूर्य थांबल्याचा भास करतो, मग साधू खोलीबाहेर पुनःपुन्हा डोकावतो, जागेचा, कामाचा, भावांचा कंटाळा करतो. त्याला ते 'अकेडिया' म्हणत. 91 व्या स्तोत्रातल्या दुपारच्या अरिष्टाशी त्यांनी ते जोडलं. यजमान गेल्यानंतरच्या माझ्या दुपारी अशाच होत्या. रडू रात्री यायचं. दुपारी काहीच यायचं नाही. ते दुःख नव्हतं, ते हे होतं. त्याला सोळाशे वर्षांपूर्वी कुणीतरी नाव देऊन ठेवलंय, हे कळल्याचा मला किती आधार वाटला ते सांगता येत नाही.

एका झुडपाच्या विरळ सावलीत आम्ही पाचजणी दाटीनं बसलो. पांढऱ्या नाजूक फुलांचं, काड्याकाड्यांचं झुडूप. वाटाड्याला नाव विचारलं तर म्हणाला, "रतम." मी दचकले. आपल्या शास्त्रात एलीया संदेष्टा ज्याच्याखाली बसून मरण मागतो ते रतामाचं झुडूप! ईजेबेल राणीनं जिवावर उठल्याचा निरोप धाडला, तो बैर-शेबाला चाकराला सोडून एकटा एक दिवसाची मजल रानात गेला, झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे. त्या झुडपाची सावली किती असते हे मी पाहिलं. अंग झाकत नाही, फक्त डोकं.

आणि मग काय होतं? देवदूत येतो. तो अरण्याचा अर्थ सांगत नाही. तो स्पर्श करून म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हाही तेच, ऊठ, खा, तुला फार लांब जायचंय. त्यानंतर चाळीस दिवस चालून होरेब डोंगर, आणि तिथं कुठं देवाचा प्रश्न, एलीया, तू इथं काय करतोस? मग वारा, भूकंप, अग्नी, ती शांत मंद वाणी, आणि पुन्हा तोच प्रश्न.

'अरण्यात देव बोलतो' हे खरं आहे. होशेय संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतोही, मी तिला रानात नेईन आणि तिच्या मनाशी बोलेन. पण एलीयाच्या बाबतीत बोलण्याआधी दोन जेवणं, दोन झोपा आणि चाळीस दिवस आहेत. माझ्या घरी आलेल्या भल्या माणसानं ते चाळीस दिवस एका वाक्यात ओलांडले. त्यांच्यावरचा माझा राग त्या झुडपाखाली गेला असं मी म्हणणार नाही. पण मला नेमकं काय खुपलं होतं ते कळलं. त्यांनी शब्द आणले होते, सुरई आणली नव्हती.

अब्राहामाच्या घरची दासी, त्याच्या मुलाची आई हागार, तिची गोष्ट मला तिथंच आठवली, आणि ती संदेशांत इतकी कमी का येते याचं वाईट वाटलं. येशू आत्म्यानं नेला म्हणून रानात गेला, संन्यासी स्वतःहून गेले. हागारला अब्राहामानं घराबाहेर काढलं, खांद्यावर भाकर आणि पाण्याची एक मसक देऊन. पाणी संपल्यावर तिनं मुलाला झुडपाखाली टाकलं आणि बाणाच्या टप्प्याएवढी दूर जाऊन बसली, कारण मुलाचं मरण तिला बघवेना. विधवेला, नोकरी गेलेल्याला, आजाऱ्याला 'हे तुमचं अरण्य' असं म्हणायचं असेल तर ते हागारचं असतं, योहानाचं नव्हे. त्यांनी ते निवडलेलं नसतं. त्या गोष्टीत देव मुलाचा आवाज ऐकतो आणि हागारचे डोळे उघडतो, आणि तिला दिसते ती विहीर.

तिसऱ्या प्रहरी पाण्याचा आवाज आला. दरीच्या कडेनं जुना पाट जातो, त्यातून झऱ्याचं पाणी यरीहोकडे वाहतं. त्याच्या कडेला गर्द हिरवी झाडं, आणि समोर कड्याला चिकटलेला संत जॉर्जचा मठ, निळ्या घुमटाचा. पाचव्या शतकाच्या अखेरीस थीब्जच्या योहानानं तो वसवला, 614 साली पर्शियन स्वारीत तो उद्ध्वस्त झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रीक ऑर्थोडॉक्स संन्याशांनी पुन्हा उभा केला. एलीयाला कावळ्यांनी इथंच अन्न पुरवलं अशी मठाची परंपरा आहे. शास्त्रात तो करीथ ओहळ यार्देनेच्या पूर्वेला सांगितलाय, तेव्हा जागेबद्दल मी आग्रह धरणार नाही. पण आम्ही चढ चढत असताना काळे पक्षी शीळ घालत डोक्यावरून गेले, पंख पसरले तेव्हा आतून नारिंगी दिसले, आणि आमच्यातली प्रत्येक बाई मान वर करून बघत राहिली. या मठात स्त्रियांना आत जाऊ देतात. किद्रोन दरीतल्या मार साबाच्या मठात देत नाहीत. एका वृद्ध संन्याशानं काही न बोलता आमच्यापुढे पाण्याचे पेले ठेवले. मी दोन प्याले. त्यानं तिसरा भरला.

वादी केल्टलाच 23 व्या स्तोत्रातली 'मृत्युच्छायेची दरी' मानणारे पुष्कळ आहेत. ते स्तोत्र यजमानांच्या दफनाच्या वेळी आम्ही म्हटलं होतं, माझ्या तोंडून तेव्हा आवाज निघाला नव्हता. मठातून खाली उतरताना दोन्ही बाजूंचे कडे उजेड अडवून उभे होते आणि तळाशी सावली होती. दिवसभर आम्ही सावली मागत आलो होतो. मी ते स्तोत्र म्हटलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मोठ्यानं नाही पण आवाजात. शेजारून चालणाऱ्या बाईनं शेवटच्या दोन ओळींना साथ दिली.

यरीहोची खजुरीची झाडं दिसायला लागली तेव्हा ती मागे पडली. वळून पाहिलं तर एका दगडावर बसली होती. तिची बाटली उलटी धरलेली, रिकामी. मला काही सुचलं नाही म्हणून मी काही बोलले नाही. माझ्या दुसऱ्या बाटलीत अर्ध्याहून थोडं कमी पाणी होतं. मी तिच्यापाशी बसले, झाकण काढून बाटली तिच्या हातात दिली आणि बुटाची नाडी सैल करत राहिले. तिनं बरंच पाणी प्यायलं, थांबली, बाटली उजेडात धरून पाहिली आणि परत केली. तळाशी दोन घोट उरले होते.