हँडलवरची सात बटणे

सायकल चालवताना सुचलेले वाक्य घरी पोहोचेपर्यंत टिकत नाही, हा माझा जुना अनुभव आहे. रविवारी सकाळी इंदूरच्या टिळकनगरातून निघून राऊपर्यंत जायचे आणि परत यायचे, असा माझा बऱ्याच वर्षांचा नेम आहे. राजेंद्रनगर ओलांडेपर्यंत डोक्यात एखादे पत्र किंवा टिपण छान लागत गेलेले असते. मात्र परतल्यावर हातपाय धुऊन, चहा घेऊन टेबलाशी बसलो की त्यातला निम्मा मजकूर गळून गेलेला असतो. थांबून फोनवर लिहावे, तर पाय थांबताच विचारही थांबतात. बोलून लिहिण्याची सोय फोनमध्ये आहे, पण चढावर लागलेला दम आणि वाऱ्याचा घोंघावा यांतून त्या यंत्राच्या हाती जे लागते ते वाचून माझे मलाच हसू येते.

नेमकी हीच अडचण स्टीव्हन रॉबर्ट्स या अमेरिकन गृहस्थाला १९८३ मध्ये आली होती, आणि तिच्यावर त्याने जे केले ते वाचल्यापासून मला स्वस्थ बसवलेले नाही. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातले राहते घर विकून हा मनुष्य एका खास बनवून घेतलेल्या सायकलवर देशभर फिरायला निघाला. ती सायकल आपल्या ओळखीच्या घडणीची नव्हती. आरामखुर्चीत रेलावे तसे मागे टेकून बसायचे आणि पाय पुढे लांबवून पेडल मारायचे, अशी तिची रचना होती. तिचे नाव विनेबिको. सोबत रेडिओ शॅक कंपनीचा मॉडेल १०० हा वहीएवढा संगणक होता. त्याच्या पडद्यावर ४० अक्षरांच्या ८ ओळी मावत, तो चार पेन्सिल सेलवर चाले आणि टेलिफोनच्या तारेवरून मजकूर पाठवणारा मोडेम त्याच्या पोटातच असे. दिवसभर सायकल चालवायची, मुक्कामी लेख लिहायचा, सार्वजनिक टेलिफोन गाठून तो कॉम्प्युसर्व्ह या सेवेमार्फत पाठवायचा आणि आलेली पत्रे उतरवून घ्यायची, हा त्याचा दिनक्रम होता. मोडेमचा वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे साधारण ३० अक्षरे. सहा हजार अक्षरांचा लेख जायला सव्वातीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागे. त्या काळी आमच्या इंदूरमध्ये पुण्याच्या मामाशी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून ताटकळावे लागे, आणि भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला. म्हणून हा सव्वातीन मिनिटांचा हिशेब मला आजही नवलाचा वाटतो.

परंतु या पहिल्या, सुमारे १६ हजार किलोमीटरांच्या प्रवासात त्याला लिहिता येत होते ते थांबल्यावरच. दिवसभर विचार करायचा आणि संध्याकाळी त्यातले उरलेसुरले कागदावर आणायचे, ही माझ्यासारखीच गत. म्हणून १९८६ च्या दुसऱ्या विनेबिकोत त्याने कळफलक थेट हँडलमध्येच बसवला. प्रत्येक अक्षराला वेगळी कळ देण्याइतकी जागा हँडलवर नसते, तेव्हा पेटीवाला सूर जुळवण्यासाठी दोन-तीन पट्ट्या एकदम दाबतो त्याप्रमाणे थोड्याच कळा वेगवेगळ्या जोड्यांनी दाबून अक्षर उमटवायचे, अशी त्याची युक्ती होती. पेडल मारता मारता त्याने अशा रीतीने पानेच्या पाने लिहिली.

तिसऱ्या सायकलीबद्दल लोक अधिक बोलतात. १९९१ च्या सुमारास पूर्ण झालेली ही बेहेमॉथ. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून केलेल्या या नावाचा शेवट ‘फक्त जरा जास्तच जड’ अशा अर्थाच्या शब्दांनी होतो, आणि तो अगदी खरा आहे. मागच्या गाडीसह तिचे वजन ५८० पौंड, म्हणजे २६३ किलो होते. बुलेट मोटारसायकलसुद्धा याहून हलकी भरते. गिअर १०५. सौर पट्ट्या ७२ वॅटच्या. एकाहून अधिक संगणक, हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच, उपग्रहाशी जोडणारे यंत्र, डोळ्यासमोर अक्षरे दाखवणारे शिरस्त्राण, डोके हलवले की पडद्यावरचा बाण हलवणारी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींची योजना आणि हळू चालताना तोल जाऊ नये म्हणून हवेच्या दाबाने खाली उतरणारी छोटी चाके, असा तिचा संसार होता. आज ती कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

तिचे चित्र पाहणारा प्रत्येक जण म्हणतो की हे सगळे आता खिशातल्या फोनमध्ये मावते. माझ्या धाकट्या भाच्यानेही तेच म्हटले. हे विधान मला अर्धेच खरे वाटते. संगणक, नकाशा, पत्रव्यवहार आणि उपग्रहावरून मिळणारा ठावठिकाणा या गोष्टी फोनमध्ये आल्या, यात शंका नाही. पण फोनला दोन्ही डोळे आणि निदान एक अंगठा लागतो, आणि सायकलस्वाराकडे नेमके तेच मोकळे नसतात. रॉबर्ट्सने सोडवलेला प्रश्न हात हँडलवर आणि नजर रस्त्यावर ठेवून लिहिण्याचा होता. तो आमच्या फोनने सोडवला तर नाहीच, उलट काचेच्या गुळगुळीत पडद्यामुळे अधिकच अवघड करून ठेवला. बेहेमॉथपेक्षा दुसरी विनेबिको मला मोठी वाटते ती यासाठी.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या जुन्या काळ्या सायकलीवर हा उद्योग आरंभला. महाराणी रोडवर तारा, डायोड आणि रबरी नळी घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने कशासाठी हवे ते विचारले, आणि सांगितल्यावर चष्म्यावरून पाहत म्हणाला, ‘भिया, सायकल में कंप्यूटर? पहले चेन तो कसवा लो.’ चेन खरोखरच सैल होती.

बटणे मात्र विकत घेतली नाहीत. बिघडलेल्या माउसच्या आत ज्या बारीक कळा असतात त्या लाखो वेळा दाबल्या जाव्यात अशाच बेताने केलेल्या असतात. घरातले तीन मेलेले माउस उघडून त्यांतून सात कळा काढल्या. डाव्या मुठीखाली चार बोटांना चार, उजवीकडे अंगठा, अनामिका आणि करंगळी यांना तीन. उजवी तर्जनी आणि मधले बोट ब्रेकसाठी राखून ठेवले, कारण लेखन कितीही प्रिय असले तरी समोर अचानक गाय आल्यावर कोणते बोट मोकळे आहे ते शोधत बसण्यात अर्थ नाही. कळांच्या तारा कॅरिअरवरच्या डब्यातल्या रास्पबेरी पाय या पत्त्यांच्या जोडापेक्षाही लहान संगणकात जातात. फोन फक्त इंटरनेट पुरवतो आणि माझ्या खिशात झोपलेला असतो.

सातच कळा का, याचे उत्तर मला फार आवडते. सात कळांच्या दाबलेल्या आणि न दाबलेल्या अवस्था मिळून १२८ प्रकार होतात, आणि जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत देवनागरीसाठी राखलेली घरेही बरोबर १२८ आहेत. हा योगायोग हाती आल्यावर मी दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की सगळी बोटे उचललेली असणे हाही त्या १२८ पैकी एक प्रकार आहे, आणि शब्दांमधली मोकळी जागा व पूर्णविराम यांनाही जोड्या लागतात. अर्थात मराठीत न लागणारी घरे त्या १२८ मध्ये पुष्कळ आहेत, त्यामुळे निभावले. खरी पंचाईत जोडाक्षरांची. ‘श्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण यंत्राला ते श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे चार वेळा सांगावे लागते.

विजेसाठी मागच्या चाकाला घासणारा जुना डायनॅमो, ६ व्होल्ट आणि ३ वॅटचा. तो उलटसुलट वाहणारी वीज देतो, ती चार डायोडमधून एका दिशेला वळवताना सव्वा-दीड व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. संथ चालीत मग काही उरत नाही. म्हणून मध्ये पॉवर बँक ठेवली. पहिली पॉवर बँक मेच्या उन्हात बंद डब्यात राहून पापडासारखी फुगली. दोष माझाच, डब्याला वारा लागायला भोके पाडली नव्हती.

मी काय लिहिले ते डोळ्यांनी पाहायचे नाही, हा नियम पाळण्यासाठी प्रत्येक शब्द संपला की संगणक तो एका कानात बोलून दाखवतो. दुसरा कान रहदारीसाठी मोकळा. आवाज निर्विकार, रेल्वे स्थानकावरच्या उद्घोषणेसारखा. एका पहाटे रिकाम्या सुपर कॉरिडॉरवर पहिली खरी चाचणी घेतली. ‘रस्ता ओला आहे’ असे लिहिले, तर कानात आले, ‘रसता’. हलन्त निसटला होता. पुन्हा लिहिले, पुन्हा ‘रसता’. मग गतिरोधक आला, मुठी आपोआप आवळल्या गेल्या, साती कळा एकदम दबल्या आणि कानात एक असा उच्चार झाला की मी तो येथे लिहू शकत नाही, कारण तो कोणत्याही भाषेत नाही. आता कळा दाबल्यावर अक्षर उमटत नाही. सगळी बोटे उचलली की मगच, आणि तेही साती कळा एकाच वेळी दबलेल्या नसतील तरच उमटते. गतिरोधकांपुरता प्रश्न मिटला. ब्रेक दाबण्याच्या घाईत अजून कधी कधी एखादा ‘ञ’ मध्येच टपकतो.

वेग म्हणाल तर मिनिटाला आठ-नऊ शब्द. कागदावर याच्या दुपटीने तरी लिहून होते. तरीही गेल्या रविवारी राजेंद्रनगर ते राऊ या टप्प्यात मी एका नातेवाइकाला तब्बल अकरा ओळींचे पत्र लिहिले आणि राऊच्या चौकात पोहे सांगण्यापूर्वीच ते धाडून दिले. त्यात हलन्ताच्या चौदा चुका होत्या. घरी येऊन मोजल्यावर कारण सापडले: मराठीत सतत लागणारा हलन्त मी उजव्या करंगळीला दिला आहे, आणि ती पाचांतली सगळ्यांत दुबळी. या रविवारी तो अंगठ्याकडे देतो आहे. अंगठ्याच्या कळेवर असलेली शब्दांमधली मोकळी जागा आता कुठे हलवायची, ते अजून ठरायचे आहे.