तलावाच्या चकरीवर आग्या माशा उठल्या तो दिवस

मेळघाटात आमच्या गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक लहानसं मातीचं धरण आहे, आम्ही त्याला तलावच म्हणतो, त्याच्याभोवती तीनेक किलोमीटरची पायवाट आहे आणि मी तिथं सहा वर्षांपासून गाईड आहे. चिखलदऱ्याला आलेले लोक गाविलगड, भीमकुंड पाहून झाले आणि सोबत लहान पोरं, म्हातारी माणसं असली की आमच्याकडे येतात कारण इथं चढच नाही, आधी पाळीवरून सपाट मुरमाची वाट, पाळ संपली की सांडवा, मग पाण्याच्या कडेकडेनं झाडीतून परत गाडीपाशी. सोपी वाट आहे म्हणून मी पण थोडा निवांत झालो होतो हे आधीच सांगतो.

मार्चचा पहिला आठवडा, पळस नुसता पेटलेला. अकोल्याची फॅमिली होती, नवरा-बायको, एक सात वर्षांची पोरगी, तिचा लहान भाऊ आणि आजी. आजी काठी घेऊन पण मजेत चालत होत्या, मला विचारत होत्या एवढी चांगली पाळ आहे तर हिच्यावर सावलीची झाडं काहून नाही लावली. मी सांगितलं, आजी मातीच्या धरणावर झाड वाढू देत नाहीत, मुळं आत शिरतात, ती सडली की पोकळी राहते आणि तिथून पाणी वाट काढते. हे मी रोज सांगतो, पण पाळीवर आडोसा नाही याचा दुसरा अर्थ त्या दिवशी कळला.

सांडव्याखालच्या नाल्यात एक मोठा अर्जुन आहे, त्याच्या वरच्या फांदीला आग्या माशांचं पोळं लागलेलं, गाडीच्या दाराएवढं. मला आठ दिवसांपासून माहीत होतं. आणि त्या दिवशी त्याच झाडाखाली पाच-सहा पोट्टे रोडग्याची पार्टी करत होते, गोवऱ्या पेटवलेल्या, वांग्याची भाजी चढवलेली. सकाळी ते मला गेटवर भेटले होते, रोडग्याचं सामान दिसत होतं, तरी मी म्हटलं नाही की अर्जुनाखाली चूल मांडू नका. हे मला अजून टोचते.

आम्ही सांडव्यापासून शंभरेक पावलं असताना पोरगी थांबली आणि म्हणाली, "काका, ते काळं काय चमकून राहिलं?" मी पाहिलं तं पोळ्यावर लाटा जात होत्या, गव्हाच्या वावरात वाऱ्यानं जाते ना तशी, एका कडेतून सुरू होऊन सर्रकन दुसऱ्या कडेला. बाहेरच्या माशा एकामागं एक पोट वर उचलतात त्याची ती लाट असते, गांधीलमाशी जवळ आली की एक-दोन लाटा देतात आणि गप्प होतात. इथं थांबतच नव्हत्या, आणि धूर सरळ वर चाललेला.

मी पोट्ट्यांना ओरडलो पण तोवर माशा उठल्या. तो आवाज सांगता येत नाही, जवळून ट्रक जावा तसा. पोट्टे आमच्याच दिशेनं पळत आले, एकानं डोहात उडी टाकली. मागं चारशे पावलं उघडी पाळ आणि आजींना पळता येत नाही, त्या म्हणाल्या, "मले ठेवा इथंच, लेकरं घेऊन जा." मी काही ऐकलं नाही, पाळीच्या कोरड्या उतारानं सगळ्यांना खाली नेलं, तिथं घाणेरीची दाट झुडपं आहेत, त्यात बसवलं, फॅमिलीकडं जेवायला अंथरायची मोठी चादर होती ती वरून टाकली आणि सांगितलं हात हलवायचा नाही, काही झालं तरी मारायची नाही. माझ्या मानेवर तीन डंख बसले तेव्हा पिकलेल्या केळासारखा वास आला. एकीनं डंख मारला की तो वास सुटतो आणि बाकीच्यांना तीच जागा दाखवतो, म्हणून तर मारायची नाही. चादरीखाली आजी लेकराच्या तोंडावर पदर धरून हळूहळू विठ्ठल विठ्ठल म्हणत होत्या.

वीस-पंचवीस मिनिटांनी आवाज ओसरला. डोहातल्या पोराचे हाल जास्त, तो श्वास घ्यायला डोकं वर काढायचा आणि माशा वरच घिरट्या घालत होत्या, सगळे डंख डोक्यावर अन् कानाला. काटे नखानं आणि एटीएम कार्डाच्या कडेनं भराभर खरवडून काढले. दुसऱ्या एकाला डंख चारच होते पण ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, मला तेव्हा खरी भीती वाटली. खाली नेटवर्क नाही, मी पाळीवर चढून 108 लावला, ते निघाले पण घाटातून वेळ लागणार. पोरीचे वडील म्हणाले, "गाडी आहे ना आपली, चला." दोघांना घेऊन आम्ही निघालो, आरोग्य केंद्रात गेल्या गेल्या डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत पोराची शिट्टी कमी झाली, मग ॲम्ब्युलन्सनं अचलपूरला पाठवलं. दोन दिवसांनी घरी आला.

संध्याकाळी मी आजींची काठी आणायला परत गेलो. माशा पोळ्यावर बसलेल्या होत्या, गोवऱ्या विझलेल्या, रोडगे राखेत तसेच. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी चुलीचे दगड तिथून उचलून गाडीतळाच्या मोकळ्या जागेत नेले, जिथून धूर तलावावर जातो, आणि आता गेटवर मी प्रत्येकाला आधी पोळं कुठं लागलं ते दाखवतो, मग तिकीट फाडतो, सेंट-बॉडी स्प्रे मारून आले असतील तर सांडव्याकडं नेतच नाही.

जुलैत त्या पोरीचा तिच्या बाबांच्या फोनवरून फोन आला, माशा आहेत का विचारायला. म्हटलं पाऊस लागायच्या आधीच गेल्या, फांदीवर मेणाचा डाग राहिला आहे. तिनं विचारलं परत येतील का. बहुतेक त्याच फांदीवर येतात, म्हटलं, तू आली की लांबून दाखवतो.