९८ की १००?

जुन्या गाडीच्या इंजिनाची काळजी सगळेच करतात. रिमकडे लक्ष जातं ते पावसाळ्यात. खड्ड्यात आपटून कड वाकली की ट्यूबलेस टायर रोज सकाळी थोडा बसलेला दिसतो. प्रेसवर कड सरळ करून मिळते, पण ती पुढच्या खड्ड्यापुरती.

आमची फियाट पॅलिओ कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली, म्हणजे जन्माने मुंबईकर. चाकाचं माप मात्र इटलीचं. चार बोल्ट, आणि समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांतलं अंतर, म्हणजे दुकानवाल्यांच्या भाषेत पीसीडी, ९८ मिलिमीटर. बाजार भरलाय तो १०० वाल्यांनी: सॅन्ट्रो, स्विफ्ट. फियाटची स्वतःची ग्रांदे पुंटोसुद्धा पुढे १०० वरच गेली!

रिम शोधत मुंबईतल्या ऑपेरा हाउसच्या गाड्यांच्या सामानाच्या बाजारात गेलं, की पहिलं उत्तर मिळतं, "बसेल हो साहेब, जरा अ‍ॅडजस्ट करू." लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं. स्विफ्टची रिम तर मधल्या भोकातच अडते. ते ५४.१ मिलिमीटरचं, आमचा हब, म्हणजे त्या भोकात शिरणारा गाडीकडचा गोल भाग, ५८.१ चा. त्यावरही तोडगा तयार असतो: "लेथवर चार मिलिमीटर उडवून देतो."

गंमत म्हणजे मधलं भोक मोठं असलेलं १०० चं मॅग व्हील, म्हणजे अलॉयची रिम, खरंच 'बसतं'. प्रत्येक भोक जेमतेम एक मिलिमीटर सरकलेलं, पान्याने ओढलं की बोल्ट मुकाट्याने आत जातो. पण तिरका. त्याचा निमुळता गळा भोकात नीट टेकत नाही आणि चालत्या गाडीत तो सैल होऊ शकतो. यासाठी सरकत्या कॉलरचे खास बोल्ट मिळतात. मिळोत बापडे! पावसाळ्यातल्या घोडबंदर रोडवर माझा जीव मी सरकत्या कॉलरवर टांगणार नाही.

तेव्हा रिम हवी ती पॅलिओची, नाहीतर तिची सख्खी बहीण सिएनाची. ती मिळाली कुर्ल्यातच, सीएसटी रोडवरच्या भंगारातल्या ढिगात. साधी लोखंडी, गंजाचे डाग असलेली. दुकानदाराने न विचारता स्टीलची पट्टी काढून भोकांवर धरली. "अठ्ठ्याण्णव. घ्या." चारही घेतल्या. घासाघीस करायला गेलो, तर म्हणाला, "कमी नाही होणार. उलट गाडी विकाल तेव्हा या मलाच आणून द्या, गिऱ्हाईक उभं आहे."