आता फक्त तारखा तपासायच्या आहेत

कादंबरीमालिका लिहिणारा माणूस वाचकांना अधूनमधून खबर देत असतो. पहिला खर्डा संपला. एक लाख दहा हजार शब्द झाले. मुखपृष्ठाचं चित्र आलं. या सगळ्यांत निरुपद्रवी दिसणारं आणि हमखास खोटं ठरणारं वाक्य एकच: 'आता फक्त तारखा तपासायच्या आहेत.' कौटुंबिक कादंबरीत ते चार दिवसांचं काम असेलही. कालप्रवासाच्या मालिकेत त्या एका 'फक्त'मध्ये आठ महिने मावतात. बाहेर वाचक विचारत राहतात, तिसरा भाग कधी?

ते आठ महिने कुठे जातात, ते बघायला लेखकाची वही उघडावी लागते. समजा नायिका सत्तावीस वर्षांची आहे. २०२४ च्या जूनमध्ये ती गिरगावातल्या एका जिन्यावरून निघते आणि १९४२ मध्ये उतरते. तिथे तीन महिने राहून परत येते ती निघाल्यानंतर दहाव्या मिनिटाला. जगाच्या लेखी दहा मिनिटं गेली, तिच्या अंगावर नव्वद दिवस. केसांचा रंग मुळाशी उतरलेला, नखं वाढलेली, थायरॉइडच्या गोळ्यांच्या पट्ट्या रिकाम्या. अशा सात-आठ फेऱ्या झाल्या की बाई जन्मदाखल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी असते आणि वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या किती लावायच्या, हा खराखुरा प्रश्न होतो.

म्हणून प्रत्येक प्रसंगाला तक्त्यात एक ओळ लागते. जगाची तारीख, वार, तिथी, घड्याळाची वेळ, नायिकेचं स्वतःचं वय (वर्षांत नव्हे, दिवसांत), अंगावर काय, पिशवीत काय, आणि शेवटचा रकाना 'कुणाला काय ठाऊक'. हा तक्ता दोनदा लावून वाचायचा, एकदा जगाच्या तारखेनुसार आणि एकदा नायिकेच्या वयानुसार. चुका दुसऱ्या वाचनात सापडतात, आणि जास्त करून त्या शेवटच्या रकान्यात असतात.

कारण ओळखीचा क्रम उलटतो. पहिल्या भागात ती १९४२ मध्ये वामनरावांना भेटते. ती त्यांना प्रथमच बघते आहे. ते मात्र तिला बारा वर्षांपासून ओळखतात, कारण तिसऱ्या भागात ती १९३० मध्ये जाणार आहे. १९३० मध्ये वामन वीस वर्षांचा पोरगा आणि ती एकोणतीस, तो तिला 'ताई' म्हणतो. १९४२ मध्ये तो बत्तीस वर्षांचा बाप्या आणि समोर तीच ताई, पण सत्तावीस वर्षांची. आता त्यानं काय म्हणावं? तोंडातून 'ताई' निघून गेलं, तर आपल्यापेक्षा लहान बाईला हा ताई का म्हणतो, असा खडा चाणाक्ष वाचकाच्या दाताखाली येतो, आणि तो यायलाच हवा. पण हे पहिला भाग छापायच्या आधी सुचलेलं असलं पाहिजे. तिथे 'अहो बाई' छापून गेलं असेल, तर तिसऱ्या भागात वामननं ताई म्हणायची सोय उरत नाही.

मग पंचांग. मराठी वाचक इतर गोष्टींत उदार असेल, पण इतिहासाच्या तारखेत नाही. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. चैत्र ते डिसेंबर शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन ७९, हे सूत्र लावलं की १६७४ येतं. तारीख सगळ्यांना पाठ आहे, ६ जून. पण ही ६ जून इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या, ज्युलियन कॅलेंडरातली. आजच्या कॅलेंडरानं तो दिवस १६ जूनला पडतो. पोर्तुगालनं हे नवं कॅलेंडर घेऊन १५८२ मध्येच ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर धरला; इंग्रज १७५२ पर्यंत अडून बसले. म्हणजे सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतला इंग्रज आणि गोव्यातला पोर्तुगीज एकाच सकाळी उठून दहा दिवसांच्या फरकानं पत्रावर तारीख घालत होते. इंग्रजांचं नवं वर्ष तर २५ मार्चला लागायचं. त्यामुळे १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस त्यांच्या कागदावर १६२९ सालातच मोडतो. नायिकेच्या यंत्रात तारीख भरायची असेल, तर ती कुठल्या कॅलेंडराची, हे लेखकानं पहिल्याच भागात ठरवावं. नाहीतर बाई रायगडावर दहा दिवस आधी पोचते आणि मांडव घालणाऱ्यांत हिंडत बसते. (खरं म्हणजे हा प्रसंग वाईट नाही.)

अडचणीत विश्वासू असतो तो वार. कॅलेंडर कुठलंही घ्या, दहा दिवस गाळले तरी वारांची साखळी तुटत नाही. ६ जून जुना आणि १६ जून नवा, दोन्हींचा वार शनिवारच येतो. तक्त्यात वाराचा रकाना त्यासाठी असतो. तिथी, तारीख आणि वार या तिघांचं जमलं नाही, तर कुठेतरी गणित चुकलेलं आहे.

पानिपताचा भाग लिहिताना तर फारच जपावं लागतं. १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. पत्रांवरचं सन वेगळंच, शुहूर सन 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे अरबी शब्दांत अकराशे एकसष्ट. हे वर्ष मृग लागला की बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. हे सगळं जमवून लेखक खूश होतो आणि नेमका पुढच्या ओळीत घसरतो. १४ जानेवारी म्हटलं की त्याच्या हातून छावणीत तिळगूळ वाटला जातो, 'पानिपतावर संक्रांत कोसळली' हे वाक्य पडतं. पण संक्रांत दर सत्तर-बाहत्तर वर्षांनी एकेक दिवस पुढे सरकते. विवेकानंद जन्मले तो १८६३ मधला संक्रांतीचा दिवस १२ जानेवारी होता. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं, तर पानिपतच्या लढाईआधी तीन-चार दिवस संक्रांत होऊन गेलेली होती. शिवाय ज्या छावणीत दाणा उरलेला नव्हता, तिथे गूळ कुठला?

चंद्राचं तेच. अष्टमी म्हणजे अर्धा चंद्र, तोही मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा. लढाईच्या दिवशी पहाटे फौजा हलतात तेव्हा आकाशात चांदणं घातलं, तर जाणकार वाचक पुस्तक मिटतो. आणि उत्तरेतलं पत्र दाखवायचं असेल, तर वद्य पक्षात महिन्याचं नाव एकानं पुढे असतं: आपला माघ वद्य तो त्यांचा फाल्गुन कृष्ण. हेर एक महिना चुकीचा पोचला, असं कथानक यावर बेतता येईल. अजून कुणी बेतलं असल्यास दिसलेलं नाही.

ज्यांना दार ठरावीक तिथीला उघडणारं हवं असतं, त्यांच्यासाठी एक सोय आहे आणि एक खड्डा. सोय अशी, की सुमारे एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात. खड्डा अधिक महिन्याचा. 'दर श्रावणी पौर्णिमेला जिना उघडतो' असं पहिल्या भागात लिहिलं, की २००४ आणि २०२३ मध्ये श्रावणाच्या दोन पौर्णिमा उभ्या राहतात. मग निज श्रावण की अधिक, यावर प्रकरणभर चर्चा घालावी लागते.

तारखा झाल्या की घड्याळ. मुंबईवर लिहिणाऱ्याला हे फार छळतं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ च्या आरंभापासून आली, पण शहरानं आपली मुंबई वेळ सोडली नाही. ती १९५५ पर्यंत रेंगाळली. ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. रेल्वे मात्र प्रमाणवेळेवर. आता १९३० मध्ये नायिका गिरगावातल्या बिऱ्हाडी बसली आहे, भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजलेत, पुण्याची गाडी बोरीबंदरहून पाच दहाला. ती म्हणते, चाळीस मिनिटं आहेत, चहा घेऊन निघू. पण गाडीचे पाच दहा म्हणजे भिंतीवरचे चार एकतीस. चहाचं आधण ठेवेपर्यंत गाडी हललेली असते. दुसऱ्या महायुद्धात तर १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत प्रमाणवेळच एक तास पुढे होती. १९४२ च्या ऑगस्टमधला प्रसंग आणि ऑक्टोबरमधला प्रसंग एकाच पानावर येत असेल, तर सूर्योदयाची वेळ तपासलेली बरी.

यंत्राबद्दल मात्र वाचक फार विचारतात आणि त्यात तितकासा अर्थ नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर धावते. नुसतं एक तास मागे गेलं आणि जागा बदलली नाही, तर माणूस एक लाख आठ हजार किलोमीटरवर पोकळीत तरंगेल. याचं उत्तर पहिल्या भागात एका वाक्यात द्यावं (जिना पृथ्वीला बांधलेला आहे, संपलं) आणि पुन्हा त्या वाटेला जाऊ नये.

त्यापेक्षा खिसा तपासावा. नव्या पैशांचे दशमान १ एप्रिल १९५७ पासून. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. १८३५ नंतरचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा. नायिकेला पन्नास रुपये देऊन पाठवलं, तर कनवटीला ५८३ ग्रॅम वजनाची नाणी येतात, आणि ती पळताना वाजतात. नाण्यावरचं साल ही दुसरी फजिती: १८८५ चा रुपया १८८२ मध्ये चालवता येत नाही. इथे जुन्या टांकसाळीनं लेखकावर उपकार केलेत. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हेच साल १८७४ पर्यंत छापलं जात होतं, त्यामुळे ते नाणं बाळगणारा १८६२ नंतर कितीतरी वर्षं निर्धास्त उतरू शकतो. पेशवाईत उतरणाऱ्याला मात्र हा निर्धास्तपणा नाही. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशी नाणी, ज्या गावात जी चालतील ती, आणि सराफ बट्टा कापणारच. सराफाच्या पेढीवर नायिका पकडली गेली, तर ते यंत्र बिघडण्यापेक्षा जास्त पटतं.

आणि जेवण. देवगिरीच्या यादवांच्या काळात एकादशीला साबुदाण्याची खिचडी रांधणारे लेखक अजून आहेत. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची हे सगळं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांच्या येण्यानंतरच इकडे पोचू शकलेलं. त्या खिचडीतून हे काढून टाकलं की तूप, जिरं आणि मीठ उरतं. तिखटाला मिरी, पिंपळी, आलं. पुरणाला मात्र धक्का नाही, हरभरा जुना आहे.

बोलण्याचं तसंच. पेशवाईतल्या पुण्यात नायिका 'दिनांक' म्हणाली, तर समोरचा गोंधळेल. तो शब्द सावरकरांनी घडवलेला. 'पगार' आणि 'चावी' चालतील, पोर्तुगीजांनी दिलेत. एकोणिसाव्या शतकातला शब्द मोल्सवर्थच्या कोशात शोधावा. पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७. नायिकेच्या हाती पत्र दिलं, तर तिला ते वाचता येता कामा नये, मराठी असूनही. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग खाली अक्षरं लावत जातात. शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. एम. ए. मराठी झालेली बाई मायबोलीतलंच पत्र उलटं धरून बसली आहे, या प्रसंगाला विज्ञानाची गरजच पडत नाही.

हे सगळं एका पुस्तकात सांभाळता येतं. मालिकेत घोळ वेगळा होतो. भूतकाळ बदलता येत नाही, जे झालं त्यात नायिकेचा हात आधीपासूनच होता, हा नियम मराठी इतिहासाशी सगळ्यात प्रामाणिक राहतो. पानिपत कुणी जिंकलं हे सातवीतल्या मुलालाही ठाऊक असतं, प्रश्न 'कसं' एवढाच उरतो. पण या नियमात उधारी साठते. पहिल्या भागात अंधारात कुणीतरी आतून कडी काढली. तिसऱ्या भागात ती नायिकेनंच काढायची आहे. त्या उधारीची वेगळी यादी: पान कितवं, हात डावा की उजवा, बांगडी वाजली का, काय शब्द उच्चारले. शब्द काना-मात्रेसकट तेच हवेत. दुसऱ्या भागाच्या मुद्रितशोधकानं पुनरुक्ती म्हणून एक 'थांब' गाळला, तर चौथ्या भागात नायिकेला एकदाच 'थांब' म्हणावं लागतं.

म्हणून वाचकांना खबर द्यायची, तर शब्दसंख्या सांगण्यात मतलब नाही. 'पहिल्या दोन भागांची तेवीस देणी होती, नऊ फिटली' असं सांगावं. त्यावरून कळतं पुस्तक कुठवर आलं. प्रकाशनाला 'दिवाळी' म्हणावं, तारीख देऊ नये. २०२२ चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ चं १२ नोव्हेंबरला. अधिक महिना पडला की लेखकाला एकोणीस दिवस फुकट मिळतात. आणि नायिका कुठल्या सालात जाणार, हे कधीच सांगू नये. साल सांगितलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या सालचं पंचांग घेऊन दारात उभा.

तसा एखादा येतोच, पहिला भाग छापून झाल्यावर. ३९ मिनिटांची चूक दाखवतो. चूक खरी असते, म्हणून दुसऱ्या आवृत्तीत ती गुपचूप सुधारली जाते. तेव्हापासून काही घरांतल्या पुस्तकांत नायिका चहा पिऊन निवांत गाडी पकडते आणि काहींत ती फलाटावर उभी राहून डब्याचा लाल दिवा बघते. वाचनालयात पहिली आवृत्ती असते. तिसरा भाग दुसरीवर बेतलेला.