मावशीचा गुडघा आणि जपानी सिनेमे

मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आज पंधरा दिवस झाले. वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते, पण जिना अजून बंद. परवा फोनवर म्हणाली, "मालिका बघून बघून डोकं उठलंय गं. तुझ्या त्या जपानचे बरे सिनेमे सांग. पण रडके नकोत. आणि भराभरा बोलणारे नकोत, मला खालचं इंग्रजी वाचायला वेळ लागतो."

ही दुसरी अट मला फार आवडली. एरवी लोक विचारतात, "जपानी सिनेमातलं काय बघू?" म्हणजे "भाजीतलं काय करू?" म्हणण्यासारखंच झालं. खाणारा कोण, ते कळल्याशिवाय काय सांगणार? तेव्हा ही यादी माणसांच्या हिशेबाने लावली आहे. मावशीने ती घरच्या ग्रुपवर टाकून दिल्यामुळे बाकीच्यांच्याही फर्माइशी आल्या, त्या मध्ये मध्ये येतील.

मावशीला पहिला सांगितला तो 'परफेक्ट डेज', २०२३ चा. नायक जवळजवळ बोलतच नाही, त्यामुळे वाचायचं काम कमी. तोक्योच्या शिबुया भागातली सार्वजनिक स्वच्छतागृहं धुणारा हिरायामा नावाचा माणूस. पहाटे गल्लीत कोणीतरी खराटा मारतं, त्या आवाजाने तो उठतो, अंथरुणाची घडी घालतो, दाराबाहेरच्या मशीनमधून कॉफीचा डबा घेतो आणि आकाशाकडे बघून हसतो. मग गाडीत जुनी कॅसेट. दुपारी झाडाखाली सँडविच, आणि पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचा एक फोटो. संपलं. दोन तास हेच. "संडास धुणाऱ्याचा सिनेमा?" मावशीने विचारलं. हो, आणि दिग्दर्शक जर्मन, विम वेंडर्स.

त्यात दिसणारी स्वच्छतागृहं खरी आहेत. नामवंत वास्तुरचनाकारांनी बांधलेली अशी सतरा आहेत शिबुयात. त्यातलं एक शिगेरू बान यांचं, पारदर्शक काचांचं. कडी लावली की काच धूसर होते. मी हौसेने गेले होते. आत उभं राहून कडी तीनदा तपासली, तरी बाहेरून कोणी बघत नाही यावर विश्वास बसेना. शेवटी नुसते हात धुऊन बाहेर आले.

हिरायामाचं काम करणारे कोजी याकुशो. या कामासाठी त्यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. नट होण्याआधी ते तोक्योतल्या चियोदा वॉर्डाच्या कचेरीत कारकून होते, आणि जपानीत कचेरीला म्हणतात 'याकुशो'. तेच टोपणनाव त्यांना मिळालं आणि जन्माला चिकटलं. आपल्याकडे एखाद्याने 'अमुक कचेरीकर' नाव लावून पडद्यावर यावं, तसं. १९९६ च्या 'शॅल वी डान्स'मध्येही तेच आहेत. घर, कर्ज, लोकल या चक्रातला साधा नोकरदार रोज गाडीतून एका खिडकीत उभी असलेली बाई बघतो आणि एक दिवस त्या स्टेशनवर उतरून बॉलरूम नाचाच्या क्लासला जातो. बायकोपासून लपवून, अर्थातच. हलकाफुलका आहे, मावशीला दुसरा तोच.

कचेरीवरून बाबा आठवले. बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. त्यांना मी आकिरा कुरोसावाचा 'इकिरू' लावून दिला होता, १९५२ चा. कृष्णधवल आहे म्हणून आधी नाक मुरडलं. मग सुरुवातीलाच तो प्रसंग आला. वस्तीतलं सांडपाण्याचं डबकं बुजवून मुलांसाठी मैदान करा, असा अर्ज घेऊन काही बायका येतात. नागरिक विभाग म्हणतो बांधकामकडे जा, बांधकाम म्हणतं आरोग्यकडे जा. असं करत करत बिचाऱ्या फिरून पुन्हा पहिल्याच टेबलासमोर. बाबा चहाचा कप हातात धरून इतके हसले की चहा बशीत. "ही तर आमचीच कचेरी!"

त्या नागरिक विभागाचे प्रमुख वातानाबे. तीस वर्षं शिक्के मारण्यात गेली आणि आता पोटाचा कर्करोग झालाय. उरलेल्या महिन्यांत ते मैदान करायचंच, एवढी गोष्ट. पण कुरोसावाने नायकाला सिनेमा बराच उरलेला असतानाच मारून टाकलंय. पुढचं सगळं त्यांच्या दुखवट्याच्या बैठकीत घडतं. सहकारी साके पितात, आधी श्रेय वरिष्ठांना देतात, मग हळूहळू एकेकाला काय काय आठवत जातं, आणि शेवटी सगळे डोळे पुसत शपथा घेतात की आपणही असंच काम करू. दुसऱ्या दिवशी कचेरीत नवा अर्ज येतो आणि तो पुढच्या विभागाकडे पाठवला जातो. यावर मात्र बाबा हसले नाहीत. "हे बरोबर दाखवलंय," एवढंच म्हणाले. बर्फात झोक्यावर बसून गाणारे वातानाबे, म्हणजे ताकाशी शिमुरा, हा प्रसंग ज्याने पाहिला नाही त्याचं काहीतरी राहिलंय, असं माझं आपलं मत. २०२२ मध्ये 'लिव्हिंग' नावाने याची इंग्रजी आवृत्ती निघाली, ती चांगली आहे, पण आधी हाच बघा.

भाच्याला राक्षस हवा होता. त्याला सांगितलं, नवा 'गॉडझिला मायनस वन' बघच. दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालंय त्याला. पण आधी इशिरो होंडाचा पहिला 'गॉडझिला' बघ, ३ नोव्हेंबर १९५४ चा. रबरी पोशाखातला माणूस खेळण्यातली घरं तुडवतो म्हणून हसायला येईल, हसून घे. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तेव्हा 'फुकुर्यू मारू क्रमांक ५' ही जपानी मासेमारी बोट त्या किरणोत्सर्गी राखेत सापडली. बोटीवर तेवीस जण होते. वायरलेस सांभाळणारा सप्टेंबरमध्ये वारला. आणि सिनेमा सुरू होतो तो समुद्रातल्या एका बोटीवर अचानक पडलेल्या प्रखर उजेडाने. तेव्हाच्या प्रेक्षकांना वेगळं काही सांगायची गरजच नव्हती.

ती बोट आजही तोक्योत आहे. युमेनोशिमाला, आम्ही राहतो त्या निशिकासाईपासून सायकलने जाता येतं. युमेनोशिमा म्हणजे 'स्वप्नांचं बेट', प्रत्यक्षात शहराचा कचरा टाकून केलेला भराव. आता बाग आहे तिथे. बोट लाकडी, आणि वाटली होती त्यापेक्षा मोठी. मी तिच्या बुडाशी उभी राहून वर बघत होते, तर शाळेची सहल आली. एका पोराने बाईंना विचारलं, "गॉडझिला इथून आला का?" बाई "हो" म्हणाल्या नाहीत आणि "नाही"ही म्हणाल्या नाहीत.

(१९५४ मध्येच, 'गॉडझिला' काढणाऱ्या तोहो कंपनीतूनच 'सेव्हन सामुराई' आला. २०७ मिनिटांचा. गावाने दरोडेखोरांशी लढायला माणसं आणायची ही गोष्ट 'शोले'वाल्या देशाला वेगळी कशाला सांगू? रविवारी दुपारी जेवून बसा.)

मामेभाऊ कॉलेजात पुरुषोत्तमसाठी एकांकिका बसवायचा. त्याच्यासाठी 'वन कट ऑफ द डेड'. तीसेक लाख येनमध्ये, म्हणजे सिनेमाच्या हिशेबात चणेफुटाण्यांत केलेला, आणि २०१८ मध्ये दोन छोट्या थिएटरांतून सुरू होऊन देशभर गाजलेला. पहिली ३७ मिनिटं एकाच सलग शॉटमध्ये झोंबींचा एक भिकार सिनेमा चालतो. भिकार म्हणजे खरंच भिकार. नट मध्येच गप्प होतात, कॅमेरा भलतीकडे जातो. तिथे बंद करू नकोस, असं त्याला बजावून सांगितलं. पुढचं सांगणार नाही. विंगेत उभं राहून एकदा तरी ज्याच्या पोटात गोळा आलाय, तो शेवटच्या अर्ध्या तासात खुर्चीवरून खाली पडेल.

खाणाऱ्यांसाठी जुझो इतामीचा 'ताम्पोपो', १९८५. एक बाई रामेनचं, म्हणजे सूपमधल्या शेवयांचं, दुकान चालवते, चव यथातथा. एक ट्रकवाला तिला चांगलं रामेन शिकवायचं मनावर घेतो. सुरुवातीला एक वयस्कर गुरू रामेन कसं खावं ते शिकवतात. आधी वाडग्याकडे नुसतं बघायचं. मग काड्यांनी मांसाचा तुकडा हलकेच बाजूला सारायचा आणि त्याला मनात म्हणायचं, "भेटू थोड्या वेळाने." मिसळीच्या कटावरून भावकीत भांडणं लावणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच कळेल. मी शाकाहारी, रामेनचं पाणी बहुतेक डुकराच्या हाडांचं. त्यामुळे दहा वर्षं मी हा सिनेमा बघूनच जेवतेय.

मुलांसाठी 'तोतोरो' सांगायला कोणाची गरज नाही. पण त्याच जिब्ली स्टुडिओचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' कार्टून आहे म्हणून मुलांना लावून देऊ नका, हे मात्र आवर्जून सांगते. युद्धात उघडे पडलेले बहीण-भाऊ आणि चघळायच्या गोड गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा. १६ एप्रिल १९८८ ला हे दोन्ही सिनेमे इथे एकाच तिकिटावर लागले होते! आधी कोणता आणि नंतर कोणता बघितला, त्यावर घरी जाताना पोरांची तोंडं ठरली असणार.

इथल्या थिएटरात मध्यंतर नाही, शिट्ट्या नाहीत, आणि नावं संपून दिवे लागेपर्यंत कोणी उठत नाही. पहिल्या वेळी मी सवयीने पर्स उचलून उभी राहिले आणि सबंध रांगेचे गुडघे ओलांडत बाहेर पडले. कोणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

आता जो सिनेमा मावशीला सांगायचा नाही असं ठरवलं होतं, तो. यासुजिरो ओझूचा 'तोक्यो स्टोरी', १९५३.

ओनोमिची नावाच्या बंदराच्या गावातले म्हातारा-म्हातारी मुलांकडे तोक्योला येतात. आडनाव हिरायामा. (वेंडर्सने आपल्या नायकाचं नाव कुठून उचललं ते कळलं ना?) थोरला मुलगा डॉक्टर, ऐन वेळी पेशंट येतो आणि फिरायला जायचं राहतं. मुलीचं केशभूषेचं दुकान. वाईट कोणीच नाही. सगळ्यांना फक्त काम आहे. लढाईत गेलेल्या मुलाची विधवा सून नोरिको, तिची खोली एवढीशी, तीच कामावरून सुट्टी काढून त्यांना शहर दाखवते. मग मुलगा आणि मुलगी मिळून एक युक्ती काढतात. दोघांना आतामीला पाठवायचं, गरम पाण्याच्या झऱ्यांवर. खर्चही कमी, त्यांनाही आराम. तिथे रात्रभर तरुणांचा धिंगाणा. म्हातारी सकाळी समुद्राच्या कठड्यावर बसते आणि उठताना तिला चक्कर येते. दोघं लवकर परततात, तर मुलीकडे त्या रात्री बैठक आहे. "आता आपण बेघर झालो," म्हातारा म्हणतो, आणि हसतो. हे काम करणारे चिशू र्‍यू तेव्हा अवघे ४९ वर्षांचे होते.

ओझूचा कॅमेरा ततामीच्या चटईवर मांडी घालून बसल्यासारखा खाली असतो, हलत जवळजवळ नाहीच. पाहुणे येऊन गेल्यावर रिकामी खोली तशीच थोडा वेळ दाखवतो. संवाद सावकाश, वाचायला भरपूर वेळ. म्हणजे मावशीची दुसरी अट पूर्ण. पहिली मात्र नाही.

२०१९ मध्ये आई-बाबा तीन आठवडे आमच्याकडे आले होते. दुसऱ्या आठवड्यात माझं ऑफिसात काम निघालं, नवऱ्यालाही रजा नव्हती. आम्ही रात्री हळू आवाजात बोललो आणि त्यांना दोन दिवसांच्या हाकोनेच्या बस टूरला घातलं. गरम पाण्याचे झरे, फुजीचं दर्शन, शाकाहारी जेवण सांगून ठेवलेलं. गाइड जपानीतून बोलणार हे माहीत होतं. परत आले तेव्हा आई म्हणाली, "छान झालं गं. फुजी ढगात होता, पण छान झालं." मी हा सिनेमा पाहिला तो त्यानंतर चार महिन्यांनी, जुने सिनेमे लावणाऱ्या एका थिएटरात. आतामी आलं तेव्हा मला बाहेर जायचं होतं, पण पुन्हा सबंध रांगेचे गुडघे कोण ओलांडणार.

ओझू आपल्या साठाव्या वाढदिवशी वारला, १२ डिसेंबर १९६३ ला. कामाकुरातल्या एन्गाकुजी देवळाच्या आवारात त्याची कबर आहे. वर नाव नाही, एकच अक्षर, 'मु', म्हणजे 'नाही'. लोक समोर साकेच्या बाटल्या ठेवतात. मी बाटली नेली नव्हती, पर्समध्ये तिळाची वडी होती, ती ठेवली.

तर, मावशीला हा सांगायचा नव्हता. पण तिने 'परफेक्ट डेज' पाहिला, तो हिरायामा आवडला, आणि नावाचं कोडं मीच बोलून बसले होते. काल रात्री तिचा फोन. बराच वेळ गुडघ्याचंच चाललं होतं, फिजिओथेरपीवाली कशी वाकवते वगैरे. मग म्हणाली, "तो म्हातारा-म्हातारीचा पाहिला."

मी म्हटलं, "रडका आहे, सांगितलं नव्हतं का?"

"रडका कुठे? ती सगळी हसतातच की सारखी." थोडं थांबली. "ताईने मला हाकोनेचं तेव्हाच सांगितलं होतं हं. बसमध्ये फार छान सोय होती म्हणाली. जावयाने खिडकीची जागा घेऊन दिली होती म्हणे."

खिडकीची जागा आम्ही घेतली नव्हती. त्या टूरमध्ये जागा निवडताच येत नव्हत्या.